एका जुन्या गाडीचे दफ्तर

जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारगाड्यांचे मोठे प्रदर्शन भरले होते, हे बडोद्याच्या वाचकांस स्मरत असेल. संस्थानिकांच्या लांबरुंद गाड्यांभोवती छायाचित्रे काढणाऱ्यांची झुंबड उडाली होती आणि आम्हीही त्या झुंबडीत होतो. बरोबर आलेले आमचे बालमित्र मात्र तेथून केव्हा निसटले ते कळले नाही. शोधीत गेलो, तेव्हा ते एका कडेला, कमरेएवढ्या उंचीच्या दोन आसनी उघड्या गाडीजवळ उकिडवे बसले होते आणि मालकाच्या परवानगीने तिच्या दाराखालची पट्टी बोटाने ठोकून पाहत होते.

"ही खणखणीत वाजते," ते आम्हांस म्हणाले. "आमची आता बद्द बोलते."

'आमची' म्हणजे कोणती, हे आम्हांस विचारावे लागले नाही. दांडिया बाजारातील त्यांच्या वडिलोपार्जित घराच्या मागच्या पडवीत, ताडपत्रीखाली, एम्‌जी कंपनीची 'एम्‌जीए १५००' ही गाडी किमान बारा वर्षे निश्चल उभी होती. मित्राचे वडील बडोद्यातील वकील. १९६१ मध्ये मुंबईतील एका ब्रिटिश कंपनीचा अधिकारी मायदेशी परतत होता, त्याच्याकडून त्यांनी ती घेतली. घरात माणसे सात आणि गाडीत जागा दोघांची! आमच्या वडीलधाऱ्यांनी या व्यवहाराची बरीच थट्टा केली होती. वकीलसाहेब कचेरीत सायकलनेच जात. ही गाडी फक्त रविवारी निघे, हालोलवरून पावागडच्या पायथ्यापर्यंत जाई आणि परत येई. शेजारच्या आसनावर कोणी बसायचे याची घरात पाळी लावलेली होती आणि त्या पाळीत महिन्या-दोन महिन्यांतून एकदा आमचेही नाव येई. गाडीच्या दाराला बाहेरून मूठच नव्हती. आत हात घालून एक दोरी ओढली की दार उघडे. ही युक्ती ज्यास ठाऊक, तो त्या गाडीच्या घरचा, असे आम्ही मुले समजत असू.

प्रदर्शनाहून परतल्यावर ती गाडी पुन्हा चालती करायची असे ठरले. या कामात आमचा उपयोग मर्यादित होता. आमची सारी नोकरी राज्य शासनाच्या हिशेब खात्यात गेली. पान्यापेक्षा लेखणी आम्हांस बरी पेलते. म्हणून कागदपत्रे शोधण्याचे काम आमच्याकडे आले. त्या शोधात या गाडीची जी कुळकथा हाती लागली, ती वाचकांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे विल्यम मॉरिस यांचा मोटारविक्रीचा आणि दुरुस्तीचा व्यवसाय होता; त्याचे नाव 'मॉरिस गॅरेजेस'. हेच मॉरिस पुढे लॉर्ड नफिल्ड झाले. १९२१ मध्ये सेसिल किंबर नावाचे गृहस्थ तेथे विक्रीप्रमुख म्हणून आले व पुढच्याच वर्षी व्यवस्थापक झाले. मॉरिसच्या साध्या, स्वस्त गाड्यांचे सांगाडे घ्यावेत, त्यांवर देखणी, हलकी अंगे चढवावीत आणि थोड्या जास्त किमतीस विकावीत, ही त्यांची कल्पना. मॉरिस गॅरेजेसची आद्याक्षरे अष्टकोनात बसवून जे चिन्ह तयार झाले, तेच एम्‌जी. १९२९ मध्ये हा उद्योग ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन या लहान गावी, कातड्याच्या एका जुन्या कारखान्याच्या इमारतींत गेला. तेथील दूरध्वनीचा क्रमांक होता २५१. किंबर यांना तो इतका आवडला की गाड्यांच्या नव्या प्रकाराचे क्रमांकन एकऐवजी ०२५१ पासून सुरू करण्याची प्रथाच तेथे पडली. हिशेबाच्या माणसास ही गोष्ट प्रथम खटकते, मग आवडू लागते.

किंबर यांची गाडी श्रीमंतांची नव्हे, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. १९२८ च्या 'मिजेट' या लहान गाडीची किंमत १७५ पौंड होती; शिक्षक, कारकून, तरुण डॉक्टर यांना ती झेपत असे. त्याच कारखान्याच्या गाड्या मोठमोठ्या शर्यतींत उतरून बड्या कंपन्यांना मागे टाकीत. १९३३ मध्ये इटलीतील 'मिल्ले मिल्या' या शर्यतीत एम्‌जीच्या चमूने सांघिक पारितोषिक मिळविले आणि त्याच वर्षी नुव्होलारी या विख्यात इटालियन चालकाने एम्‌जी चालवून अल्स्टरची टूरिस्ट ट्रॉफी जिंकली. आपण कामावर ज्या गाडीने जातो तिचीच थोरली बहीण शर्यत जिंकते, हा अभिमान मालकांच्या ठायी मुरला. पुढे मालकांनी जे केले त्याचे मूळ आम्हांस येथे दिसते. खुद्द किंबर यांचा शेवट मात्र दुःखद झाला. १९४१ मध्ये वरिष्ठांशी बिनसून त्यांना जावे लागले आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकावर झालेल्या रेल्वे अपघातात ते मरण पावले.

महायुद्ध संपताच अ‍ॅबिंग्डनने 'टीसी' ही गाडी बाजारात आणली. लाकडी चौकटीवर ठोकलेला पत्रा, उंच तारांची चाके, १२५० घनसेंटिमीटरचे इंजिन. १९४५ ते १९४९ या काळात अशा सुमारे दहा हजार गाड्या निघाल्या आणि त्यांतील सुमारे दोन हजार अमेरिकेस गेल्या. उजव्या बाजूस चाक असूनही गेल्या, हे विशेष. तिच्या इंजिनाची एक गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. मॉरिस यांनी कव्हेंट्रीतील हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कारखाना १९२३ मध्ये घेतला होता. तेथील यंत्रे फ्रेंच, म्हणून बोल्टचे आटे मेट्रिक. पण कारागिरांच्या हाती इंग्रजी पाने, म्हणून बोल्टची डोकी इंग्रजी मापाची! हे मिश्रण त्या इंजिनांत अखेरपर्यंत राहिले. जो मालक ही भानगड न समजता बाजारातला बोल्ट आणून पिळतो, त्याचे आटे जातात. तीन पिढ्या बडोद्यात काढलेल्या आमच्या घरांतील मराठीविषयीही पुण्याच्या पाहुण्यांचा अनुभव काहीसा असाच असतो. असो.

आमच्या मित्राची एम्‌जीए ही त्यानंतरची. तिचा आकार कागदावर तयार झाला १९५१ मध्ये, फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीसाठी. सिड एनेव्हर या अभियंत्याने जुन्या सांगाड्यावर वाऱ्याला वाट देणारे गोलाईदार अंग बसविले; पण चालक इतका उंच बसू लागला की त्याचे अर्धे शरीर वाऱ्यात. मग एनेव्हर यांनी सांगाडाच रुंद केला आणि आसने त्याच्या आत खाली बसविली. नवी गाडी तयार झाली, परंतु वरिष्ठांनी नुकतीच ऑस्टिन-हीली ही दुसरी गाडी मंजूर केल्यामुळे एनेव्हर यांचा प्रस्ताव बाजूस पडला. शासकीय नोकरी केलेल्यांना हा अनुभव नवा नाही. अखेर १९५५ मध्ये एम्‌जीए बाहेर पडली आणि १९६२ पर्यंत तिच्या १,०१,०८१ गाड्या निघाल्या. ब्रिटनमध्ये त्यांपैकी जेमतेम सहा हजार विकल्या गेल्या. बहुतेक साऱ्या अमेरिकेत गेल्या.

येथे आम्हांस जो शोध लागला त्याने आम्ही क्षणभर स्तिमित झालो. पस्तीस वर्षांच्या नोकरीत तपासणीच्या दौऱ्यांसाठी आम्हांस जी पांढरी अ‍ॅम्बेसडर मिळे, तिच्यात आणि या उधळ्या गाडीत रक्ताचे नाते आहे! एम्‌जीएमध्ये बसविलेले १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन 'बी-सिरीज' या मालिकेतले आणि हिंदुस्तान मोटर्सने १९५९ पासून अ‍ॅम्बेसडरमध्ये जे बसविले तेही त्याच मालिकेतले, त्याच मापाचे. अ‍ॅम्बेसडर मुळात मॉरिस ऑक्सफर्ड गाडीचा भारतीय अवतार. म्हणजे दोन्ही घराण्यांचा मूळ पुरुष एकच, ते विल्यम मॉरिस. अ‍ॅम्बेसडरला एक कार्ब्युरेटर, एम्‌जीएला दोन; अ‍ॅम्बेसडरची शक्ती पन्नास अश्वशक्तीच्या आसपास, एम्‌जीएची पुढे बहात्तरपर्यंत गेलेली. बाकी आतली घडण एकाच कुळाची. मित्राच्या घरी जो मिस्त्री आला त्याने उभ्या आयुष्यात एम्‌जी उघडलेली नव्हती. त्याने बॉनेट वर केले, हात कमरेवर ठेवले आणि हसून म्हणाला, "अरे साहेब, आ तो आपणी अ‍ॅम्बेसडर छे!"

आता अ‍ॅबिंग्डनकडे वळू. एम्‌जीएनंतर आलेली 'एम्‌जीबी' १९६२ पासून अठरा वर्षे निघत राहिली आणि तिची संख्या पाच लाखांच्या वर गेली. परंतु या अठरा वर्षांत मालकी हस्तांतरित होत होत 'ब्रिटिश लेलँड' या अवाढव्य आणि आजारी संस्थेकडे गेली. नवी गाडी काढण्यास पैसा मिळेना. अमेरिकेतील सुरक्षेच्या नियमांसाठी १९७४ च्या अखेरीस गाडीला काळे जाड बंपर बसविले, सांगाडा दीड इंच उंच केला आणि गाडीची चाल बिघडली. अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात सरकता पट्टादेखील नव्हता. अर्धवट गाडी कामगार हातांनी ढकलीत पुढच्या जागी नेत. तरीही तेथील कामगारांचे संबंध इतर कारखान्यांच्या मानाने सलोख्याचे होते, हे ब्रिटनच्या त्या संपकाळात अपवादात्मक म्हटले पाहिजे.

सप्टेंबर १९७९ मध्ये एम्‌जी अ‍ॅबिंग्डनला आल्यास पन्नास वर्षे झाली म्हणून गावात आठवडाभर उत्सव झाला. मिरवणुका निघाल्या, घरोघर पताका लागल्या. उत्सव संपला आणि १० सप्टेंबर, सोमवारी, कारखाना बंद होणार असल्याची घोषणा झाली. पौंड महाग झाल्याने अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक एम्‌जीबीमागे नऊशे पौंड तोटा होतो, असे व्यवस्थापनाचे म्हणणे होते. मोठ्या संस्थेतील सामाईक खर्च कोणाच्या खाती टाकायचा यावर एखादे खाते नफ्यात की तोट्यात हे पुष्कळदा अवलंबून असते, हे आम्ही अनुभवाने सांगतो. मालकांनी आपापल्या गाड्या घेऊन लंडनमध्ये मोर्चा काढला. ॲस्टन मार्टिनचे ॲलन कर्टिस यांनी काही भागीदार जमवून कारखाना विकत घेण्याचा प्रयत्न केला, तोही फसला. ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची गाडी ढकलत बाहेर आली आणि दारे बंद झाली.

कारखाना मिटला की त्याची गाडी साधारणपणे वीस-पंचवीस वर्षांत रस्त्यावरून नाहीशी होते. सुटे भाग मिळेनासे होतात, जाणते मिस्त्री म्हातारे होतात, आणि भंगारवाला एक दिवस दारात उभा राहतो. एम्‌जीचे तसे झाले नाही. कारखान्याने जी कामे सोडली ती मालकांनी उचलली, हे त्याचे कारण.

त्याची पूर्वतयारी अर्धशतक आधी झालेली होती. १९३० मध्ये काही मालकांनी एकत्र येऊन 'एम्‌जी कार क्लब' काढला. त्याचे पहिले चिटणीस जॉन थॉर्नली हे लंडनमध्ये हिशेबनिसाचे काम शिकणारे तरुण होते. क्लबच्या पत्रव्यवहारात ते इतके रमले की दुसऱ्याच वर्षी कारखान्यात नोकरीस लागले आणि १९५२ मध्ये त्याच कारखान्याचे प्रमुख झाले. १९६९ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते पद त्यांच्याकडे होते. एम्‌जीए आणि एम्‌जीबी या दोन्ही त्यांच्या कारकिर्दीतल्या. एक हिशेबनीस गाड्यांच्या नादाने कोठवर जाऊ शकतो याचे हे उदाहरण आम्ही मित्रास वारंवार ऐकवितो. त्यावर ते आमच्या हाती ग्रीसची पिचकारी देतात. १९७३ मध्ये 'एम्‌जी ओनर्स क्लब' ही दुसरी संस्था निघाली. तिचा भर शर्यती व मेळावे यांहून दुरुस्ती, सुटे भाग, विमा अशा रोजच्या अडचणींवर राहिला. अशा क्लबांच्या पत्रिकांतून मालकांनी एकमेकांना जे लिहिले ते सारे गृहोपयोगी ज्ञान आहे. दोन कार्ब्युरेटरांचा मेळ कसा साधावा? रबरी नळीचे एक टोक कानास लावावे, दुसरे आळीपाळीने दोन्ही तोंडांशी धरावे आणि हवेचा फुत्कार सारखा होईतो स्क्रू फिरवावा. पेट्रोलचा विजेवरचा पंप टिकटिक करीनासा झाला, तर आधी त्यास हलकेच ठोकावे आणि मग त्याचे संपर्कबिंदू साफ करावेत. जुन्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्यास जोडलेले असते, हे विसरून नवा रेडिओ बसवू नये.

मालकांच्या या मागणीचा परिणाम थेट उद्योगावर झाला. एम्‌जीबीचा पत्रा दाराखालच्या पोकळीतून कुजतो आणि तो कुजला की गाडीचा कणाच जातो, कारण तिला वेगळा सांगाडा नाही. 'ब्रिटिश मोटर हेरिटेज' या संस्थेने जुने साचे शोधून काढले आणि १९८८ मध्ये, कारखाना बंद झाल्यावर आठ वर्षांनी, एम्‌जीबीचे संपूर्ण कोरे अंग पुन्हा तयार करून विकण्यास आरंभ केला. मालकाने आपल्या कुजलेल्या गाडीतून इंजिन, धुरा, आसने काढून त्यात बसवावीत. या नव्या अंगांमुळेच १९९२ मध्ये 'आरव्ही८' ही गाडी काढणे कंपनीस शक्य झाले. तिच्या दोन हजारांहून थोड्या कमी गाड्यांपैकी बहुतेक जपानी रसिकांनी घेतल्या. सरकारलाही पुढे या मालकांची दखल घ्यावी लागली. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या गाडीस रस्त्याचा कर माफ आहे आणि २०१८ पासून वार्षिक तपासणीचीही सक्ती नाही. मालक तिची काळजी घेतोच, हे त्यामागील गृहीतक.

मूळ कंपनीचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. एप्रिल २००५ मध्ये ती कोलमडली, तिचे नाव चिनी उद्योगाने घेतले, २०१७ मध्ये हालोलचा जनरल मोटर्सचा कारखाना त्याच नावाने ताब्यात घेतला गेला आणि २०१९ पासून तेथून एम्‌जीच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. त्या हालोलच्या कारखान्याचा आरंभ जनरल मोटर्स व हिंदुस्तान मोटर्स, म्हणजे अ‍ॅम्बेसडरवाले, यांच्या भागीदारीतून झाला होता. पावागडच्या ज्या रस्त्याने वकीलसाहेबांची गाडी रविवारी जाई, त्याच रस्त्यालगत आज तो अष्टकोन झळकतो. नव्या गाड्यांचा जुन्यांशी त्या चिन्हापलीकडे संबंध नाही, असे मित्राचे मत आहे. आम्ही तितके कठोर नाही.

घरच्या गाडीच्या दुरुस्तीत पहिला धक्का बसला तो वाळवीचा. एम्‌जीएचा पाय ठेवायचा तळ प्लायवुडचा असतो. इंग्लंडच्या ओल्या हवेचा विचार करणाऱ्यांनी बडोद्याच्या वाळवीचा विचार कशाला करावा? डावा तळ नुसता रंगाच्या थरावर तरंगत होता. दारे, बॉनेट आणि डिकीचे झाकण ॲल्युमिनियमचे, ती शाबूत होती. दाराखालच्या पट्ट्या गंजाने भाकरीच्या पापुद्र्यासारख्या सुटल्या होत्या. इंजिन मात्र मिस्त्रीने तीन आठवड्यांत उघडून बांधले. शिसेमुक्त पेट्रोल देशभर २००० मध्ये आले. जुन्या पेट्रोलमधील शिसे झडपांच्या बैठकींना वंगणासारखे जपत असे, म्हणून हेडमध्ये कठीण धातूच्या बैठकी बसवून घेतल्या. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. ते जुने रबर फुगविते आणि पाणी शोषते. तेव्हा साऱ्या नळ्या बदलल्या आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरलेली ठेवायची नाही, असा नियम केला.

दुसरा धक्का रंगाचा. ही गाडी लाल, हे आम्हां सर्वांच्या बालपणाचे सत्य होते. तोच लाल रंग पुन्हा द्यायचा, यात चर्चेला जागाच नव्हती. मात्र दाराच्या आतले अस्तर काढले तेव्हा खाली फिकट निळा रंग दिसला. आम्ही अ‍ॅबिंग्डनच्या कागदांची चौकशी केली. एम्‌जीएच्या उत्पादनाच्या नोंदवह्या कारखान्याबरोबर नष्ट झाल्या नाहीत. त्या आज गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये आहेत आणि गाडीचा क्रमांक कळविला, शुल्क भरले की तेथून त्या गाडीचा दाखला मिळतो. आमचा दाखला आला. गाडी केव्हा तयार झाली, केव्हा कोठे रवाना झाली, आणि रंग: ग्लेशियर ब्लू. गंमत अशी की गाडीच्या क्रमांकातील तिसरे अक्षर रंगाचेच असते. साठ वर्षे ते पितळी पट्टीवर आमच्या डोळ्यांसमोर होते आणि आम्हां कोणालाही वाचता येत नव्हते.

मित्राचे मत एका रात्रीत फिरले. मूळ रंग निळा, तर गाडी निळी झाली पाहिजे. प्रदर्शनांतले परीक्षकही हेच पाहतात. आम्ही लाल रंगाच्या बाजूने. आठवडाभर या वादात गेला. शेवटी त्यांच्या थोरल्या भगिनी, ज्यांना आम्ही सारे ताई म्हणतो, त्यांच्या कानी गोष्ट गेली. ताईंचे वय ऐंशीच्या वर आहे. त्या शांतपणे म्हणाल्या, "आली तेव्हा निळीच होती की. सहासष्ट साली बैलगाडीला घासली, आणि तो निळा रंग बडोद्यात कुणाला जमेना. मग बाबांनी सगळीच लाल करून घेतली. मला कधी कुणी विचारलंच नाही." घरातले जिवंत दफ्तर शेजारच्या खोलीत बसलेले असताना आम्ही सातासमुद्रापलीकडे अर्ज करीत होतो!

कागदांच्या बाबतीत येथील कथा तितकी गोड नाही. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीस 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी मिळते. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये, फेरनोंदणीस पाच हजार, मुदत दहा वर्षे; पूर्वीचा नोंदणीक्रमांक असल्यास तो ठेवता येतो. अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, मेळावा, इंधन व दुरुस्ती यांपुरतीच ती रस्त्यावर यावी. नियम आमच्या मते वाजवी आहेत. अडचण एवढीच की गाडीचे नोंदणीपुस्तक सापडत नाही आणि संबंधित कार्यालयाने त्या काळचे जीर्ण दफ्तर नियमानुसार नष्ट केल्याचे कळविले आहे. मित्र संतापले. आम्हांस मात्र त्या कार्यालयास दोष देववेना. मुदत संपलेल्या कागदांच्या नाशाच्या याद्यांवर आम्ही स्वतः नोकरीत कितीदा सह्या केल्या आहेत! गठ्ठे मोजायचे, यादी तपासायची, सही करायची. त्यांत कोणाच्या गाडीचा, कोणाच्या घराचा, कोणाच्या वडिलांचा एकमेव पुरावा आहे, हे पाहण्याची तरतूद नमुन्यात नव्हती आणि आम्हीही कधी गठ्ठा सोडून पाहिला नाही. अ‍ॅबिंग्डनच्या वह्या रद्दीत गेल्या नाहीत, याचे महत्त्व आम्हांस त्या पत्राने जितके कळले तितके दाखल्यानेही कळले नव्हते.

१९७४ ची विम्याची एक पावती, वकीलसाहेबांनी पेट्रोलचा हिशेब लिहिलेली दोन डायऱ्यांची पाने आणि गेडनचा दाखला असे जोडून अर्ज केला आहे. तो विचाराधीन आहे. नोंदणी होईपर्यंत गाडी घराच्या फाटकाबाहेर काढायची नाही, हा आमचा आग्रह मित्राने नाखुशीने का होईना मानला आहे. तरी गेल्या दिवाळीत त्यांची बंगळुरूची कन्या आली, तेव्हा तिने आत हात घालून दोरी ओढली, इंजिन सुरू केले आणि मागच्या अंगणात पंधरा-वीस फूट पुढे, तितकेच मागे, असे गाडीस पाच-सहा वेळा चालविले. ताई पडवीत खुर्चीवर बसून होत्या. दोन कार्ब्युरेटरांचा तो घुमणारा आवाज त्या अंगणात पुष्कळ वर्षांनी आला.

रंग लालच ठरला. निळ्याचा हट्ट ताईंचे ऐकल्यावर मित्रानेच सोडला. डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूचा निळा रंग मात्र जसा सापडला तसा, खरवडीसह, राखला आहे. आम्ही गाडीची एक जाडजूड नोंदवही घातली आहे. पहिल्या पानावर गेडनच्या दाखल्याची नक्कल आहे. दुसऱ्यावर '१९६६, बैलगाडीशी घर्षण, संपूर्ण गाडी लाल' अशी नोंद असून पुढे 'ताईंच्या सांगण्यावरून' असे लिहून त्यांची सही घेतली आहे. त्यापुढे तारीखवार काम, सुटा भाग, खर्च. परवाची नोंद अशी: मागील डाव्या चाकाचा ब्रेक सिलिंडर झिरपतो, रबरी वायसर इंग्लंडहून मागविले, पार्सल येणे बाकी.